व्हील रेक घ्यायचाय: ८ चाकी, १० की १२? (टेक्सास, ३८ एकर गवत)

ब्राझोसकाठ

नमस्कार मंडळी. इथे शेतीचे धागे ऊस, सोयाबीन नाहीतर गच्चीवरच्या भाजीचे असतात, म्हणून हे विचारावं की नाही यात दोन दिवस गेले. पण इंग्रजी फोरमवर प्रत्येक जण स्वतःच्या ट्रॅक्टरचा रंग सोडून दुसरं काही बोलत नाही, तेव्हा म्हटलं घरच्या माणसांना विचारू.

चार वर्षांपूर्वी कॉलेज स्टेशन नावाच्या गावापुढे ५२ एकर घेतलं. त्यातलं ३८ एकर कोस्टल बर्म्युडा गवत, बाकी ओकची झाडी आणि एक तळं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. बाबा आले होते, बांधावर उकिडवे बसून त्यांनी एक काडी उपटली आणि म्हणाले, "आम्ही जन्मभर जी खणून काढली, ती तू मुद्दाम वाढवतोयस?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजवर शेजारचे म्हातारे रँचर निम्म्या वाट्यानं गवत कापून गठ्ठे बांधून द्यायचे. जमिनीला शेतीचा कमी कर लागू राहायला टेक्सासात सातपैकी पाच वर्षं ती शेतीत असावी लागते, त्यामुळे गवत निघणं मला गरजेचंच. यंदा त्यांनी गुडघ्यांपुढे हात टेकले. त्यांचा ४ बाय ५ फुटी गोल गठ्ठे बांधणारा राउंड बेलर आणि गवत कापणारा ८ फुटी डिस्क मोअर मी विकत घेतला. ट्रॅक्टर माझा, ७५ एचपी. त्यांचा रेक मात्र इतका झिजलाय की ते स्वतःच म्हणाले, घेऊ नकोस.

डीलर म्हणतो १२ चाकी घे, एकदाच काय ते. बायको म्हणते ८. मला वाटतं १०, कारण तो मधला. यापेक्षा बरं कारण कुणाकडे आहे का?

मीठभाकर

वाचतेय. पण आधी रेक म्हणजे काय ते सांगा की. आणि फोटो टाका.

ब्राझोसकाठ

मीठभाकरताई, फोटो रात्री टाकतो. आपलं दाताळं असतं ना, खळ्यावर पात्या-काड्या ओढायचं? त्याचा हा ट्रॅक्टरमागे लावायचा अवतार. कापलेलं गवत शेतभर पसरून वाळतं. वाळलं की ते ओढून लांब ओळीत आणायचं, म्हणजे बेलर त्या ओळीवरून चालत जातो आणि गठ्ठे टाकत जातो. त्या ओळीला इथे विंडरो म्हणतात. मी वरंबा म्हणतो, दिसतो तसाच.

व्हील रेकमध्ये साधारण खांद्याएवढ्या उंचीची, कडेनं तारेचे दात असलेली चाकं तिरकी लावलेली असतात. जत्रेतल्या भिंगऱ्या एका ओळीत उभ्या केल्यासारखी. त्यांना इंजिनाची ताकद लागत नाही, शाफ्ट नाही, गिअर नाही. ट्रॅक्टर पुढे गेला की जमिनीच्या आणि गवताच्या घासण्यानंच ती फिरतात आणि गवत एकमेकांकडे ढकलत नेतात. दोन हात इंग्रजी व्ही सारखे मागे निमुळते होत जातात, त्या मधल्या फटीतून वरंबा पडतो.

यंत्रवेडा

भर घालतो. बोटांच्या चाकांचा हा रेक १९४८ साली नेदरलँड्समधल्या लेली बंधूंनी काढला. कंपनी उभी राहिली ती याच यंत्रावर, गाईंची धार काढणारे रोबो फार नंतर आले. आज अमेरिकेत विकले जाणारे कित्येक व्हील रेक इटलीत बनतात, वरचा रंग तेवढा बदलतो. तेव्हा ब्राझोसकाठ, रंगासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी चाकाचं बेअरिंग आणि दात कुठे मिळतात ते बघा. या यंत्रात झिजणाऱ्या वस्तू त्या दोनच.

गोटेवाडी

राम राम. मी मिझुरीत, ओझार्कच्या टेकड्यांत. २२ वर्षं गवत करतोय, गाई ४० च्या आसपास. आमच्या जमिनीत दगड पिकतात, म्हणून हे नाव.

चाकं मोजायची ती मोअरकडे बघून. तुमचा मोअर ८ फूट कापतो. दोन पट्टे म्हणजे १६ फूट, तीन म्हणजे २४. ८ चाकी रेक साधारण १६ ते १८ फूट ओढतो, १२ चाकी २४ च्या आसपास. १० चाकी येतो वीस-बावीसला. म्हणजे तुमच्या मोअरमागे तो अडीच पट्टे घेणार. उरलेला अर्धा पट्टा पुढच्या फेरीला, तिथे मग एक वरंबा जाड आणि एक बारीक. बेलरवर बसल्यावर हे फार चिडवतं. मधला म्हणून १० घेऊ नका.

आता ८ की १२. मे महिन्यातली पहिली कापणी दाट असते, तिथे दोन पट्ट्यांचाच वरंबा बेलरच्या तोंडाला पुरून उरतो. ऑगस्टमध्ये पाऊस रुसला की गवत विरळ, तेव्हा तीन पट्टे गोळा केले तर बेलरच्या फेऱ्या वाचतात. पण ३८ एकराला? एका दुपारीत ८ चाकी सगळं ओढून मोकळा होतो. डीलरला तुमच्या दुपारीचं काही पडलेलं नाही.

आणखी एक, गेट. तुमचं गेट किती फुटी? मोठ्या फ्रेमचे १२ चाकी मिटवले तरी रुंद असतात. माझ्या ओळखीच्या एकानं रेक आणल्यावर गेटाचा खांब काढला.

ब्राझोसकाठ

गेट १२ फूट. काका, तुम्ही माझी झोप वाचवलीत. अडीच पट्ट्यांचा हिशोब डोक्यातच आला नव्हता, आणि मी दिवसभर एक्सेल शीट्स बनवतो.

पाचटवाला

मी वाळवा तालुक्यातला. आमच्याकडं गवत न्हाई, पर ऊस गेल्यावर पाचट रेकनंच गोळा करतो आणि बेलरनं गठ्ठे बांधून बॉयलरला देतो. तीन हंगाम झाले. म्हणून सांगतो, चाकं आठ का बारा हा प्रश्न नंतरचा. दात जमिनीला किती टेकतात हा पहिला.

पहिल्या वर्षी मी चाकांचा दाब जास्त ठेवला. वाटलं, एक पान सुटायला नको. रान इतकं स्वच्छ दिसत होतं की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. गठ्ठे काट्यावर गेले तेव्हा तिथल्या माणसानं एक गठ्ठा फोडला, मूठभर पाचट झटकलं आणि खाली पडलेली माती बोटानं दाखवली. मातीची घट धरली ती धरलीच, वर खोडव्याचे कोंबही दातांनी खरवडले होते. रान स्वच्छ दिसलं म्हणजे माती गठ्ठ्यात गेली, हे तेव्हा कळलं.

आता मी चाक एका हातानं उचलून बघतो. सहज उचललं तर बरोबर. जोर लावावा लागला तर चाकाचा दाब कमी करतो.

यंत्रवेडा

अवांतर: पाचट गोळा करून विकण्यापेक्षा रानातच कुट्टी करून कुजवलं तर जमिनीचं भलं होणार नाही का?

पाचटवाला

हा दुसरा धागा काढा, तिथं भांडू. एका सरीआड ठेवतो, तेवढं लिहून ठेवा.

गोटेवाडी

पाचटवाल्यांनी लाख मोलाचं सांगितलं. +१. व्हील रेकचा सगळ्यात मोठा दोष हाच. चाक फिरतंच मुळी जमिनीला घासून, त्यामुळे सेटिंग चुकलं की ते माती उकरतं. प्रयोगशाळेत गवत तपासलं की त्यात राख किती ते येतं. गवताची स्वतःची खनिजं साधारण सहा टक्के, लसूणघासाची आठच्या आसपास. त्यावर जे काही येतं ती तुमची माती. गाय ती खाते, पण तिला त्यातून काही मिळत नाही, आणि तुम्ही तीच गठ्ठ्यात बांधून विकता.

माझी खूण अशी: उघड्या जमिनीवर चाकं फिरायला नकोत, गवतात शिरली की फिरायला हवीत. अगदी शंभर टक्के जमत नाही, पण त्याच्या जवळ जायचं. थोडं गवत मागे राहिलं तर राहू दे.

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी व्हील रेक काढून रोटरी घेतला. आमच्याकडे चाकं गवताबरोबर गोटे पण गोळा करायची. गवताच्या गुंडाळीत एक नारळाएवढा दगड असा अलगद मधोमध आणून ठेवला होता की जणू प्रसाद. तो बेलरमध्ये गेला. पुढचं सांगत नाही. रोटरी रेक गवत उचलून नेतो, लोळवत नाही. पण त्याला पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद देणारा शाफ्ट लागतो, गिअरबॉक्स असतो, आणि पैसे दुपटीच्या वर. तुमच्याकडे दगड नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

ब्राझोसकाठ

दगड नाहीत, वाळूची जमीन आहे. पण दोन शत्रू आहेत. एक म्हणजे गोफर, तो उंदराचा चुलत भाऊ मातीचे ढीग करून ठेवतो. दुसरे फायर अँट. पाऊस पडून गेला की एका रात्रीत वीत-वीत उंचीची वारुळं. गेल्या वर्षी गुडघ्यापर्यंत मुंग्या चढल्या होत्या, आठवडाभर फोड.

अशा ढिगांवरून चाकं गेली की काय होतं?

गोटेवाडी

ढीग पसरतो आणि थेट वरंब्यात जातो. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतंय की नाही ते बघा. काही स्वस्त रेकमध्ये अख्खा हातच एकजीव असतो, एका चाकाखाली ढीग आला की शेजारची दोन हवेत आणि चौथं मातीत. डीलरच्या आवारात रेकसमोर वाकून एकेक चाक हलवून बघायचं, लाजायचं नाही. माझा तो पहिला रेक मी असाच न हलवता घेतला होता. विकणाऱ्यानं बेअरिंग नवीन म्हणून सांगितली, दुसऱ्याच आठवड्यात दोन चाकं रडायला लागली. आवाज अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा. बायको म्हणायची, आला तुझा सनईवाला.

आणि मुंग्या-गोफरचं काम हिवाळ्याअखेरीस करा. साखळीचा हॅरो, म्हणजे जमिनीवरून ओढायची साखळ्यांची जाळी, फिरवून ढीग सपाट करून घ्या. रेकचं अर्धं सेटिंग तिथेच होतं.

मीठभाकर

मला यातलं काही कळत नाही पण मी रोज धागा उघडते आहे. सनईवाला!

एक शंका. ओळ केल्यावर गवत आतून वाळतं का? आम्ही पापड सुद्धा एकावर एक ठेवत नाही.

गोटेवाडी

ताई, तुम्हाला सगळं कळतंय. नाही वाळत. त्यातून व्हील रेक गवत लोळवत आणतो, त्याचा दोरखंड वळल्यासारखा होतो. आत हवा जात नाही. म्हणून बर्म्युडा आधी जवळजवळ पूर्ण वाळू द्यायचा आणि बेलर निघायच्या थोडं आधी रेक करायचा. सकाळी दव असतं, ते उडाल्यावरच हात घालायचा.

लसूणघासाचं उलट. तिची पानं वाळली की चुरा होतात आणि सगळा कस पानातच. ती साधारण ४० टक्के ओल असतानाच ओढायची आणि मग वरंब्यात वाळवायची. लसूणघास करणाऱ्याचं ऐकून बर्म्युडावाल्यानं रेक केला की गठ्ठे तापलेच. राउंड बेल १८ टक्क्यांच्या वर ओलीची बांधू नका.

गुरांचा डॉक्टर

नगर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. धागा उशिरा दिसला. गठ्ठा तापणं हा विनोद नाही. ओलं गवत दाबून ठेवलं की आत जंतू आणि बुरशी कामाला लागतात आणि उष्णता बाहेर पडायला जागा नसते. साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे ती गंज रोज तपासायला लागते, ८० कडे गेली तर पेट घेऊ शकते, आणि तिथे गंज फोडून आत हवा घालणं म्हणजे फुंकर मारणं. आधी अग्निशमनवाल्यांना फोन.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रेकचे दात तुटतात. तुटलेला दात वरंब्यात, तिथून गठ्ठ्यात, तिथून गाईच्या पोटात. गाय चावून निवडत बसत नाही, ती गिळते. तार दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात जाऊन बसते आणि पलीकडे हृदय हाताच्या अंतरावर. आमच्याकडे गाई बांधकामाची तार, खिळे खाऊन येतात. पुढच्या पायांत अंतर ठेवून, कोपरं बाहेर काढून उभी राहिलेली, उतारावर चालताना कण्हणारी गाय मी लांबूनच ओळखतो. बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

तुमच्या तिकडे यावर साधा उपाय आहे, गाईला बोटाएवढा चुंबक गिळायला देतात. तो जाळीपोटात जन्मभर बसतो आणि लोखंड धरून ठेवतो. इथेही मिळतो पण लोक ऐकत नाहीत. तेव्हा रेक कुठलाही घ्या, दात मोजून ठेवा.

ब्राझोसकाठ

डॉक्टर, अंगावर काटा आला. नोंद केली.

यंत्रवेडा, हायड्रॉलिकबद्दल काही? माझ्या ट्रॅक्टरला मागे तेलाच्या नळ्या जोडायची एकच जोडी आहे. आणि मधोमध एक छोटं जादा चाक लावतात, किकर म्हणतात, ते घ्यावं का?

यंत्रवेडा

हात उघडणे-मिटणे एवढंच असेल तर एक जोडी पुरते. साधे कार्टवाले, म्हणजे गाड्यासारख्या फ्रेमवर बसवलेले, ८ आणि १० चाकी बहुतेक तसेच असतात. जड फ्रेमच्या मोठ्या रेकमध्ये उचलणं वेगळं आणि रुंदी वेगळी असली की दोन जोड्या लागतात. १२ च्या विरोधात आणखी एक मत.

किकर: दोन्ही हात बाहेरचं गवत आत आणून टाकतात, पण मधल्या चार-पाच फुटांतलं गवत जागचं हलत नाही. त्यावरच वरंबा पडतो. ते खालून ओलसर राहिलं तर गठ्ठ्यात एक ओला थर. किकर तेवढंच परतून देतो, भाकरी उलटावी तसं. पहिल्या दाट कापणीला उपयोगी, ऑगस्टमध्ये नसला तरी चालतो. स्वस्त आहे, घ्या.

गोटेवाडी

मागची फट सोडताना बेलर डोळ्यांपुढे ठेवा. तुमचा बेल चार फूट रुंद. वरंबाही चार फूट, कडांना भरलेला हवा. मधे उंच आणि कडेला बारीक केलात तर गठ्ठा पिंपासारखा होतो, वरून गुंडाळायची जाळी बसत नाही, पावसाचं पाणी आत जातं. मग बेलर डावीउजवीकडे नागमोडी चालवत बसावा लागतो. आणि वेग ताशी पाच ते सात मैल. फार जोरात गेलात की गवत चाकांवरून उडतं. वाऱ्याच्या दिवशी चाकांना मधे पत्र्याच्या तबकड्या लावतात, नाहीतर गवत आरपार जाऊन अडकतं. टेक्सासात लागतील.

ब्राझोसकाठ

अपडेट. आठ दिवसांनी लिहितोय.

रेक घेतला. वापरलेला ८ चाकी कार्ट, ३,२०० डॉलर, दीड तासावरच्या एका माणसाकडून. फ्रेमला पुढे आणखी दोन चाकं लागू शकतात, पण काकांच्या अडीच पट्ट्यांच्या हिशोबानं ती सध्या नकोत. त्याच्या अंगणात गुडघे टेकून एकेक चाक हलवलं. त्यानं आधी हसून घेतलं, मग स्वतःच दोन बेअरिंग बदलून दिली. किकर नवीन घेतला. गेटातून दोन्हीकडे हातभर जागा सोडून आत आला.

पहिल्या फेरीला पाचटवाल्यांची चूक करून झाली. रान आरशासारखं स्वच्छ, आणि वरंबा हातात घेतला तर बोटांना वाळू. चाकांचा दाब कमी केला. पुढच्या फेरीला चाकं गवताबाहेर आली की मंदावायची आणि आत शिरली की गरगरायची. मागे काड्या राहिल्या. शेजारचे म्हातारे कुंपणाला टेकून बघत होते, ते म्हणाले, "आता दिसतंय गवत केल्यासारखं."

दुपारी दोनला रेक सुरू, साडेतीनला बेलर मागून. ३८ पैकी २२ एकर झालं, ४१ गठ्ठे. पहिले सहा पिंपासारखे, ते मी आमच्याच तळ्याच्या बाजूला लपवलेत. एका गठ्ठ्यात लोखंडी सळई अर्धा तास खुपसून ठेवली, बाहेर काढली तेव्हा कोमट. उद्या परत बघतो.

मीठभाकर

फोटोऽऽऽ

ब्राझोसकाठ

टाकले, ताई. चौथ्या फोटोत मोठी मुलगी आहे. डॉक्टरांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता, तेव्हापासून दात मोजायचं खातं तिच्याकडे. प्रत्येक चाकाला ४०, आठ चाकांचे ३२०. सकाळी मोजले, बरोबर ३२०. संध्याकाळी तिनं तीनदा मोजले.

३१९.

डाव्या हातावरचं तिसरं चाक, दात मुळातून मोडलाय. टॉर्च घेऊन रात्री दहापर्यंत शेत पालथं घातलं, सापडला नाही. ४१ पैकी कुठल्या गठ्ठ्यात आहे देव जाणे. गवत एका गाईवाल्यालाच जायचंय, त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, माझ्या सगळ्या गाईंच्या पोटात चुंबक आहेत, पाठव. पण आमच्याकडे स्वतःच्या दोन कालवडी आहेत, त्या पिंपवाल्या सहा गठ्ठ्यांवरच राहणार आहेत. डॉक्टर, किती वयाला द्यायचा?

गुरांचा डॉक्टर

वर्षाच्या पुढे असतील तर आत्ताच देता येईल. तिथल्या डॉक्टरला बोलवा, नळीनं घशात सोडतात, मिनिटभराचं काम. तुमच्याकडे फीड स्टोअरमध्ये मिळतो. आणि मुलीला सांगा, चौथ्यांदा मोजू नकोस, ३१९ च आहेत.